जतन आणि साठवण

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील गाव. मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना ते महामार्गावरच लागते. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब तेथे राहते. कुटुंबप्रमुख निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत आणि सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. आम्हीही तसेच म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बाहेर ऊन मी म्हणत होते. गुरुजी मात्र संगणकासमोर बसले होते. पायाशी एक पत्र्याची पेटी उघडी होती आणि तीत तबकड्या गच्च भरलेल्या होत्या.

गेल्या वीस वर्षांत त्यांनी जमवलेल्या चित्रपटांच्या त्या सीडी आणि डीव्हीडी. संख्या तीनशेच्या घरात. एकेक तबकडी यंत्रात घालावयाची, तिच्यातील चित्रपट संगणकात उतरवून घ्यावयाचा, त्याला नाव द्यावयाचे आणि वहीत नोंद करावयाची, असा त्यांचा उद्योग चालला होता. एका तबकडीला सरासरी अर्धा तास धरला तरी तीनशे तबकड्यांना दीडशे तास होतात. रोज दोन तास बसले तर अडीच महिने. त्यात वीज गेली की हातातले काम पुन्हा पहिल्यापासून.

पुण्याहून सुटीवर आलेला त्यांचा मुलगा हसून आम्हांला म्हणाला, "फादर, बाबांना तुम्हीच सांगा. यांतले निम्मे सिनेमे मोबाइलवर दिसतात. कशासाठी डोळे फोडून घ्यायचे?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते आम्हांला म्हणाले, "फादर, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, हे श्रम सार्थकी लागतील का? आणि दुसरी, हे करणं चोरी तर होत नाही ना?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही त्या दिवशी दिली नाहीत. चहा घेतला, प्रार्थना केली आणि निघालो. परंतु प्रश्न आमच्याबरोबर आले. त्यांचा जो विचार पुढे झाला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण अशा पेट्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असणार.

प्रथम दुसरा प्रश्न घेऊ, कारण जे करणे मुळात अन्यायाचे आहे त्यासाठी किती श्रम घ्यावेत, हा विचारच निरर्थक ठरतो.

सातवी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. दुसऱ्याच्या खिशातले पैसे काढणे म्हणजे चोरी, हे लहान मुलालाही कळते. पण चित्रपटाची प्रत काढली असता मूळ मालकाचे काहीच कमी होत नाही, त्याची वस्तू त्याच्याजवळच राहते; मग चोरी कशाची, असे पुष्कळांना वाटते. या युक्तिवादात एक उणीव आहे. चित्रपट ही कष्टाची निर्मिती आहे. दिग्दर्शकापासून दिवे वाहून नेणाऱ्या कामगारापर्यंत शेकडो लोकांचे श्रम तीत असतात. त्या श्रमांचे मोल प्रेक्षकाने दिलेल्या पैशातून येते. मोल न देता प्रत घेणारा त्यांच्या हातची वस्तू नेत नसला, तरी त्यांना मिळावयाचा मोबदला चुकवतो. मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे पवित्र शास्त्राने देवाकडे आक्रोश करणाऱ्या पापांत गणले आहे, हे आपण विसरू नये.

तथापि ज्याने बाजारातून रीतसर तबकडी विकत घेतली त्याने मोल दिलेलेच आहे. तीच तबकडी उद्या निकामी होईल म्हणून स्वतःच्या घरात, स्वतःच्या वापरासाठी तिची एक प्रत करून ठेवणाऱ्याने कोणाचा मोबदला चुकवला? आमच्या मते कोणाचाच नाही. आपल्या देशाचा कायदाही या दृष्टीपासून फार दूर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमात खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापराला सूट आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती चित्रपटांनाही लागू होते. त्याच दुरुस्तीने ६५ अ हे नवे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने तबकडीवरचे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. मात्र जे कृत्य कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही त्याच्यासाठी तसे करणाऱ्याला हे कलम अडवीत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. हेतूकडे पाहणारा हा कायदा आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. परंतु कृत्याइतकेच हेतूला महत्त्व देणे ही गोष्ट आपल्या नीतिशास्त्राला परकी नाही.

याच कायद्याने चित्रपटावरील हक्काला मुदतही घातली आहे. चित्रपट प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे तो हक्क टिकतो. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. त्याच्या चित्रपट म्हणून असलेल्या हक्काची मुदत २०१३ अखेर संपली. त्यातील पटकथा, गीते आणि संगीत यांचे हक्क मात्र ज्याच्या त्याच्या हयातीवरून निराळे मोजावे लागतात.

याउलट काही गोष्टी आपण सहज करतो आणि त्या बऱ्या नव्हेत. वाचनालयातून तबकडी आणावी, प्रत काढावी आणि मूळ परत करावी. किंवा विकत घेतलेल्या तबकडीची प्रत काढून मूळ विकून टाकावी. किंवा दहा प्रती काढून नातेवाइकांत वाटाव्यात. यांपैकी प्रत्येकात कोणाचा तरी न्याय्य वाटा बुडतो. शेजाऱ्याला आपली तबकडी पाहावयास देणे हा शेजारधर्म झाला. तिची प्रत करून देणे हा दुसऱ्याच्या खर्चाने केलेला दानधर्म झाला. आम्ही धर्मगुरूही यातून सुटत नाही. सभागृहात पडदा लावून शंभर माणसांना चित्रपट दाखवताना परवानगी कोणाची घेतली, असा प्रश्न किती धर्मग्रामांत विचारला जातो? काम पुण्याचे असले म्हणजे साधन आपोआप शुद्ध होते, अशी समजूत आपण करून घेतली आहे.

गुरुजींच्या पेटीत एक तिसरा प्रकारही निघाला. आठवडी बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या, झेरॉक्स केलेल्या कागदाचे वेष्टण असलेल्या तबकड्या. त्या मुळातच चोरीच्या. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा गरिबाला प्रामाणिक तबकडी परवडत नाही ही सबब बरीचशी संपली. तरीही बाजारातले ढीग संपले नाहीत. अशा तबकडीची प्रत करणे म्हणजे चोरीच्या मालाला नवे कुलूप लावणे होय. त्या गुरुजींनी बाजूला काढाव्यात, असे आम्ही त्यांना नंतर कळवले आणि त्यांनी तसे केलेही.

आता पहिला प्रश्न. श्रम सार्थकी लागतील का?

मुलाचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड आहे. जे हवे तेव्हा मिळते ते साठवावे कशाला? पण हवे तेव्हा मिळते ते उद्याही मिळेल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मोबाइलवर दिसणारा चित्रपट आपल्या मालकीचा नसतो. कंपन्यांचे करार संपले की तो एका सकाळी दिसेनासा होतो. आणि पूर्वीचे जे मुळीच उरले नाही त्याचा हिशेब केला तर मन खिन्न होते.

आपल्या चित्रपटसृष्टीचा उगम आपल्या प्रभूच्या चरित्राशी जोडलेला आहे, हे वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्णांची चरित्रे उभी राहिली आणि तेथून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला. त्या पहिल्या चित्रपटाची आज स्थिती काय? चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे उरले आहे, आणि तेही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासक म्हणतात. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. हाती राहिले ते मोजके.

हे नष्ट झाले ते कोणी द्वेषाने केले म्हणून नव्हे. जुन्या फिती नायट्रेटच्या. त्या आपोआप कुजत आणि चटकन पेट घेत. काही फितींतली चांदी काढण्यासाठी त्या विकल्या गेल्या. बाकीच्या कोणाला नको होत्या, एवढेच. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर या गृहस्थांनी गावोगाव फिरून, अडगळीच्या खोल्या धुंडाळून जे मिळाले ते गोळा केले, म्हणून फाळक्यांच्या कामाचे काही अवशेष तरी आपण पाहू शकतो. त्याच पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या काळातील अमोल ठेवा भस्मसात झाला. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फितीवर उतरवलेल्या होत्या ते चित्रपट वाचले. ज्यांच्या नव्हत्या ते गेले. प्रत काढण्याचे श्रम सार्थकी लागतात काय, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार?

तबकडीही अमर नाही. कारखान्यात छापलेल्या तबकडीत अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. हवा आत शिरली की तो गंजतो. घरी किंवा दुकानात भरून घेतलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो, आणि उष्णता व ऊन यांनी तो त्याहून लवकर फिका पडतो. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या पेटीत त्याहून वर. शिवाय तबकडी वाचणारी यंत्रेच आता नव्या संगणकांतून नाहीशी झाली आहेत. उद्या तबकडी शाबूत असेल आणि ती वाचावयास काही नसेल.

येथे आम्हांस आपल्याच घरातील एक दाखला आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मराठीच्या प्रेमात पडले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाले. या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले कसे? हस्तलिखितांतून. कोणा ना कोणा श्रद्धावंताने दिव्याच्या उजेडात बसून हजारो ओव्या उतरवून काढल्या. त्या हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालडान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, आणि देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनमध्ये सापडले. त्या नकलाकारांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. छापील पुस्तक असताना हाताने कशाला उतरवतोस, असे त्यांच्याही घरी कोणीतरी म्हटले असेल.

परंतु या दाखल्यात दुसरीही एक गोष्ट आहे. ते पुराण उतरवले गेले, कारण ते वाचले जात होते. रविवारी आणि सणांच्या दिवशी लोक एकत्र बसून ते ऐकत. प्रत ही ऐकण्यासाठी होती. जी प्रत कोणी उघडत नाही ती दुसऱ्या पेटीत ठेवलेली पहिलीच पेटी होय. प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील श्रीमंत शेतकऱ्याचे चुकले कोठे? त्याने धान्य पिकवले यात चूक नव्हती, ते कोठारात ठेवले यातही नव्हती. कोठार मोठे केल्याने आपला जीव सुरक्षित झाला, असे त्याला वाटले, येथे तो चुकला. तीनशे चित्रपट मुठीएवढ्या डब्यात बंद केल्याने मनुष्याला जो एक प्रकारचा निश्चिंतपणा येतो, त्याच्याविषयी आम्हांस थोडी शंका आहे. उरलेल्या आयुष्यात त्यांतील किती पाहून होतील?

तेव्हा जतन आणि साठवण यांतील भेद आम्हांस असा वाटतो. जतन करणारा निवड करतो. साठवण करणारा निवड टाळतो. सर्वच ठेवले म्हणजे काय मोलाचे हे ठरवावे लागत नाही. आणि निवडीचा पहिला नियम असा की, जे अन्यत्र कोठेही नाही ते आधी उचलावे. जे दुर्मिळ आहे ते नंतर. जे चार ठिकाणी मिळते ते शेवटी, किंवा मुळीच नाही.

हा नियम आम्ही विचाराने शोधून काढला, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे घडले नाही.

पावसाळ्याच्या आरंभी गुरुजी मुलासह आमच्याकडे आले. अडीच महिन्यांचे काम त्यांनी वर्णानुक्रमाने केले होते, शिक्षकाच्या शिस्तीने. घरच्या तबकड्या त्यांनी अखेरीस ठेवल्या होत्या. त्या आपल्याच आहेत, कोठे जाणार, अशा भावनेने. त्यांत एक २००६ च्या नाताळची होती. त्या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेला त्यांच्या पत्नीने एकटीने गीत गायिले होते. २०१४ मध्ये त्या देवाघरी गेल्या. त्यांचा आवाज त्या एकाच तबकडीत होता, आणि ती तबकडी चाळीस मिनिटांपैकी बावीस मिनिटे चालून थांबत होती. गीताचे पहिले कडवे ऐकू येई. दुसऱ्यात आवाज तुटत जाई आणि मग काही नाही.

गुरुजींनी विचारले, "फादर, त्या रात्री शूटिंग धर्मग्रामातर्फे झालं होतं. मूळ कॅसेट तुमच्याकडे असेल ना?"

मूळ कॅसेट आमच्याकडे होती. आम्ही २०११ मध्ये येथे रुजू झालो तेव्हा धर्मगुरुनिवासाच्या साफसफाईत कॅसेटींनी भरलेले दोन खोके निघाले. वाळवी लागली होती, वाचणारे यंत्र बिघडलेले होते, आणि आम्हांस जागा हवी होती. आम्ही ते खोके भंगारवाल्यास दिले. एकही कॅसेट चालवून पाहिली नाही, कोणास विचारले नाही. त्या वेळी आम्हांस ते व्यवस्थितपणाचे काम वाटले होते.

हे आम्ही गुरुजींना सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "मीही तिची सीडी शेवटीच ठेवली, फादर." आमच्या अपराधाचे ओझे त्यांनी अर्धे आपल्याकडे घेतले. ते घेण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.

संहितेच्या ४९१ व्या नियमाने धर्मग्रामाच्या दप्तरखान्यातील कागदपत्रांची यादी दोन प्रतींत करावयास सांगितली आहे. एक धर्मग्रामात, दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरात. बाप्तिस्म्याची पुस्तके आम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळतो. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये व्हॅटिकनमध्ये चित्रपटांचे संग्रहालय स्थापन केले, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. दोन प्रतींचे शहाणपण आमच्या पुस्तकात होते. खोके उचलताना ते आठवले नाही, कारण त्या कॅसेटींत कोणी महत्त्वाचे नाही अशी आमची नकळत समजूत होती. कोणत्या माणसांच्या स्मृती जपण्यासारख्या आणि कोणत्या नव्हेत, हे आम्ही एका सकाळी भंगाराच्या दराने ठरवून टाकले. न्यायाचा प्रश्न चित्रपटाच्या मालकापुरता नसतो. ज्यांच्या वस्तू विश्वासाने आपल्या हाती असतात त्यांच्याशीही तो असतो.

म्हणून गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. श्रम सार्थकी लागतात, पण ते कोठून सुरू केले यावर पुष्कळ अवलंबून असते. घरी पेटी असेल तर प्रथम लग्नाची, बाप्तिस्म्याची, पहिल्या पवित्र भोजनाची, आजी-आजोबांच्या आवाजाची तबकडी किंवा कॅसेट काढा. तिच्या दोन प्रती करा आणि त्या दोन घरांत ठेवा, कारण संगणकाचा डबाही एक दिवस बंद पडतोच. त्यानंतर जे चित्रपट तुम्ही खरोखर पुन्हा पाहाल आणि जे आता बाजारात मिळत नाहीत ते. 'दयासागर' पाहून ज्यांच्या वडीलधाऱ्यांचे डोळे भरून आले होते, त्यांना आपली रीतसर विकत घेतलेली तबकडी जपावीशी वाटली तर त्यात काही वावगे नाही. बाकीच्यांचा मोह सोडा.

गुरुजींच्या मुलाने त्या बावीस मिनिटांच्या तीन प्रती केल्या. एक वडनेरला, एक त्याच्याकडे पुण्याला, आणि एक नागपूरला बहिणीकडे. श्रम वाया जातात असे म्हणणारा तोच होता. त्याने आम्हांस विचारले, "फादर, त्या रात्री आणखी कोणी शूटिंग केलं असेल का?" तो प्रश्न आम्ही पुढच्या रविवारी वेदीवरून सर्वांना विचारला. आतापर्यंत सात घरांतून जुन्या कॅसेटी आणि तबकड्या आमच्याकडे आल्या आहेत. २००६ च्या नाताळची त्यांत अजून एकही नाही. आम्ही एक जुने यंत्र दुरुस्त करून घेतले आहे आणि प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत चालवून पाहतो.